धाब्याच्या घरात एसी चालत नाही म्हणे!

एप्रिल लागला की खान्देशातल्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज फिरायला लागतो. मातीच्या भिंतींच्या, धाब्याच्या (लाकडी तुळयांवर मातीचा थर दिलेल्या सपाट छताच्या) घरात स्प्लिट एसी बसवणं म्हणजे पैसे पाण्यात, असा त्याचा सूर. कारणं चार दिलेली आहेत. जाड भिंती उष्णता धरून ठेवतात, म्हणून खोली गार होतच नाही. छत उंच असतं, म्हणून दोन टनाखालचं मशीन चालत नाही. भिंतीला भोक पाडलं की भिंत बसते. ‘हॉट अँड कोल्ड’ मशीनमध्ये हीटरचीच कॉइल असते, थंडीत बिल डोळे पांढरे करतं. आणि शेवटी सल्ला: आधी धाबं उतरवा, स्लॅब टाका, मग एसीचं बघा.

पहिल्या मुद्द्यातलं निरीक्षण खरं आहे, निष्कर्ष चुकीचा आहे. दोन-अडीच फुटी मातीची भिंत दिवसभर ऊन पिते आणि रात्री ते आत सोडते. आपल्याकडची म्हातारी माणसं म्हणतात, ‘आमनं घर थंडं शे, एसी कसाले?’ दुपारपुरतं ते अगदी बरोबर. पण रात्री दहाला त्याच माजघरात बसवत नाही, म्हणून तर उन्हाळ्यात खाटा अंगणात नाहीतर धाब्यावर निघायच्या. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा 45 च्या आसपास जातो आणि रात्रीही हवा पुरती गार होत नाही, त्यामुळे भिंतीला निवायला उसंतच मिळत नाही.

यावरून एसी लावायचा की नाही हे ठरत नाही, तो किती वाजता लावायचा हे ठरतं. रात्री दहाला तापलेल्या खोलीत शिरून रिमोट 16 वर नेणाऱ्याला मशीन नालायकच वाटणार. 16 वर नेल्याने भिंत काही लवकर गार होत नाही, मशीन फक्त जास्त वेळ पूर्ण दमाने चालतं. संध्याकाळी सहा-सातला 26 वर लावा आणि वर पंखा हळू फिरू द्या. पहिले एक-दोन दिवस वेळ लागेल, कारण भिंतीतला साठा उपसायचा असतो. तो एकदा उपसला की तीच जाड भिंत तुमच्या बाजूने काम करते. अर्धा तास लाइट गेली तरी खोली तापत नाही. इन्व्हर्टर मशीन, म्हणजे गरजेप्रमाणे गती कमी-जास्त करणारा एसी, अशा घरात मंद गतीवर रात्र काढतं. स्टार लेबलवाल्या एसींना कारखान्यातूनच 24 अंशांवर सेट करून पाठवण्याचा नियम 2020 पासून आहे, त्यामागेही हाच हिशेब आहे.

उंच छताचा मुद्दा आकड्यांनीच निकालात निघतो. 12 बाय 12 ची खोली, उंचीही 12 फूट धरा. आतली सगळी हवा साठ किलोच्या आत भरते. ती 10 अंशांनी उतरवायला दीड टनाच्या मशीनला जेमतेम दोन मिनिटं पुरतात. म्हणजे रात्रभर मशीन जे ओढत असतं ते हवेचं नव्हे, छत, भिंती आणि फटींचं ओझं असतं. फटी हीच जुन्या घराची खरी गळती. दाराखाली बोटभर सांद, खिडकीच्या झडपा न मिटणाऱ्या, कडीपाटातल्या (छताच्या लाकडी फळ्यांमधल्या) भेगा, आणि धाब्यातलं उघडं सानं, म्हणजे उजेडासाठी ठेवलेलं भोक. सान्यावर काच बसवा, दाराला खालून रबरी पट्टी लावा. (खोलीत चूल किंवा गॅस गीझर असेल तर मात्र काही बंद करू नका, ती खोली एसीची नाहीच.) दोन टनाचं मशीन लहान खोलीत घातलं तर श्रावणात ते पटकन गार करून थांबतं, ओल काढत नाही, खोली दमटच राहते. दीड टन मात्र घ्यावं, एक नको. लेबलवरची क्षमता बाहेर 35 अंश असताना मोजलेली असते, आपल्या 45 मध्ये ती घटते.

भिंत बसण्याची भीती अगदीच निराधार नाही, पण बोट चुकीच्या जागी ठेवलंय. पाइप जायला अडीच-तीन इंचांचं भोक लागतं. ते हातोड्याने न ठोकता कोअर कटरने, बाहेरच्या बाजूला किंचित उतार देऊन पाडलं आणि आत पीव्हीसी पाइपचा तुकडा बसवला की भिंतीला काही होत नाही. भिंत खाते ती ड्रेनची नळी. मेमध्ये हवा कोरडी असल्याने तिच्यातून थेंब-थेंबच पाणी येतं, म्हणून कोणी लक्ष देत नाही. जुलैत तासाला लिटरभर येऊ लागतं आणि नळी भिंतीच्या पायथ्याशी सोडलेली असेल तर माती विरघळत जाते. नळी थेट मोरीत किंवा गटारीत न्या. तांब्याच्या पाइपावरचं फोमचं वेष्टणही तपासा. सागाच्या तुळईवर थेंब गळत राहिले की वाळवीला आमंत्रणच.

बाहेरचं युनिट तीस-चाळीस किलोंचं असतं. मातीच्या भिंतीत फास्टनर धरत नाहीत, थरथरीने सैल होतात. ते खाली ओट्यावर स्टँडवर ठेवा. धाब्यावर तर नकोच.

हीटरच्या कॉइलचा मुद्दा सरळ चूक आहे. आपल्याकडे विकले जाणारे बहुतेक स्प्लिट फक्त गार करणारे असतात, पण जे ‘हॉट अँड कोल्ड’ असतात त्यात मशीनमधल्या गॅसचा प्रवाह उलटवणारा व्हॉल्व्ह असतो. उन्हाळ्यात आतली उष्णता बाहेर टाकणारं यंत्र हिवाळ्यात बाहेरची आत आणतं. उष्णता तयार करायची नसून वाहून आणायची असल्याने एका युनिट विजेत साधारण तीन युनिटांची ऊब मिळते. दीड किलोवॅटचा हीटर चार तासांत 6 युनिट खातो, तेवढीच ऊब इथे दोनेक युनिटांत येते. धुळ्याला थंडीत पारा आठाखाली घसरतो तेव्हा घरात म्हातारं माणूस किंवा तान्हं बाळ असेल तर हा फरक कळतो. शिवाय बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवून झोपण्याचा जीवघेणा प्रकार टळतो. वर्षाकाठी काही आठवड्यांसाठीच लागणार असेल तर जादा पैसे मोजायचे का, हे ज्याचं त्याने ठरवावं.

मेसेजात वायरिंगबद्दल अवाक्षर नाही, आणि मला सगळ्यात जास्त राग त्याचाच येतो. दीड टनाचं मशीन सात-आठ अँपिअर ओढतं. लाकडी पट्टीतून गेलेली चाळीस वर्षांपूर्वीची वायर, फ्यूजमध्ये पिळलेली तार, आणि वर वाळलेल्या लाकडाचं छत. मीटरपासून वेगळी 4 चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, स्वतंत्र एमसीबी (भार जास्त झाला की आपोआप पडणारा खटका) आणि नीट अर्थिंग, यात काटकसर नको. महावितरणकडे मंजूर भारही वाढवून घ्या.

राहता राहिला स्लॅब. फूटभर मातीच्या थराऐवजी पाच इंच काँक्रीट टाकायचं, म्हणजे जाडी निम्म्याहून कमी आणि उष्णता दुपटीने वाहणारी. उघडा स्लॅब मेमध्ये तव्यासारखा तापतो, आणि मग त्या खोलीला खरंच दोन टन लागतात. मृगाआधी धाब्यावर खारी माती टाकायचीच असते, तेव्हा पन्हाळं आणि उतार दुरुस्त करून घ्या. वर पांढरं आच्छादन किंवा ग्रीन नेट बांधता आली तर उत्तम. ज्यांनी आधीच धाबं काढून पत्रे टाकलेत त्यांनी पत्र्याखाली इन्सुलेशन आणि फॉल्स सीलिंग करून मगच एसीची ऑर्डर द्यावी.

आणि एप्रिल-मेच्या कोरड्या दुपारी कूलरच लावा. 43 अंशांची झळ तो 27-28 वर आणतो, बिलही किरकोळ. नळाला चार दिवसांआड पाणी येत असेल तर टाकीचा हिशेब धरा, आणि त्याच खोलीत एसी लावताना कूलर बंद ठेवा.