खंड्या सुट्टीवर आहे

आज दुकानाचं उत्तर आलं. वाळू शिरून झालेला बिघाड म्हणे वॉरंटीत बसत नाही. 28 पौंडांचा, आपोआप गुंडाळला जाणारा, 5 मीटरचा कुत्र्याचा पट्टा पायी प्रवासाच्या चौथ्या दिवशी बंद पडला, आणि पुढचा सगळा प्रवास आमच्या खंड्याने गवताचे भारे बांधायच्या निळ्या सुतळीवर केला. त्या सुतळीला काहीही झालं नाही, हे जास्त झोंबतं.

स्कॉटलंडच्या पश्चिमेला आउटर हेब्रिडीज ही बेटांची माळ आहे. व्हॅटरसेपासून लुइसवरच्या स्टोर्नोवेपर्यंत 252 किलोमीटरची पायवाट, 10 बेटं, सहा ठिकाणी समुद्रात भराव घालून केलेले रस्ते, दोनदा बोट. चालायचं दक्षिणेकडून उत्तरेकडे, कारण वारा बहुधा नैऋत्येचा. तोंडावर खाण्यापेक्षा पाठीवर घेतलेला बरा. कुत्र्याला बोटीत तिकीट नाही. त्याच्यावर वाचलेला पैसा तेवढाच.

खंड्या 22 किलोचा. घरी दिवसाला 300 ग्रॅम दाणे, रोज वीस किलोमीटर चालताना 450. दुकानं लांब लांब, म्हणून तीन दिवसांचा शिधा कायम जवळ. कुत्र्याच्या पाठीवर त्याच्या वजनाच्या दहाव्या हिश्शाहून जास्त ओझं घालू नये म्हणतात. मी हिशेबाने दोनच किलो घातलं. पण पिशवीत दाणे सुटे भरले. पहिल्याच ओढ्यात स्वारी मांडी घालून बसली आणि पिशवीत लापशी शिजली. दाणे आधी पाणी न शिरणाऱ्या पिशवीत बांधावेत. खोगीरपिशवी विकणारा हे सांगत नाही.

आता पट्टा. त्या डबीच्या पोटात घड्याळासारखी पोलादी स्प्रिंग गुंडाळलेली असते. या बेटांच्या पश्चिम किनाऱ्याची पांढरी वाळू म्हणजे शिंपल्यांचा बारीक भुगा. ओली दोरी तो भुगा घेऊन आत जाते, वाळते, आणि खटका कायमचा अडकतो. आमचा अडकला तो दोरी पूर्ण 5 मीटर बाहेर असताना, साउथ उइस्ट बेटावरच्या माखरवर. माखर म्हणजे किनाऱ्यामागचं वाळूमिश्रित, रानफुलांचं कुरण. समोर मेंढ्या. मी दोरी हाताला गुंडाळत होतो, खंड्या माझ्याभोवती फिरून ती माझ्या पायांना गुंडाळत होता.

फाटकावर रेलून एक आजोबा हे सगळं बघत होते. किती वेळ, देव जाणे.

"नाव काय?"

"खंड्या."

"कँडी?"

"खंड्या."

"कँडी," त्यांनी निकाल दिला. "कुत्री?"

"कुत्रा."

"अरेरे." मग सावकाश, "तुम्ही कुठले?"

"ग्लासगो."

"नाही, त्याच्या आधीचे?"

हा प्रश्न मला बारा वर्षं विचारला जातोय. त्याचा अजून राग येतो आणि अजून उत्तर देतो. "सातारा. भारत."

"तिकडे मेंढ्या असतात?"

"असतात की. माणदेशात."

"मग तुम्हाला कळायला हवं."

आमच्या सात पिढ्यांत कोणी मेंढी राखलेली नाही, माझे आजोबा कचेरीत कारकून होते, हे सगळं पायाला दोरी गुंडाळलेल्या अवस्थेत सांगणं शोभलं नसतं. म्हातारबुवांनी शिकवणी सुरू केली. मेंढी दिसली की दोरी आखूड. कोकरं असलेल्या कुरणात कुत्र्याला न्यायचंच नाही, शेजारच्यातून जायचं. एप्रिल ते जुलै टिटवीच्या जातीचे पक्षी जमिनीवर अंडी घालतात, तेव्हाही दोरी आखूड. पण गाय अंगावर आली तर दोरी सोडून द्यायची आणि आपण जवळच्या वाटेने बाहेर पडायचं.

"सोडायची?"

"गाईचं भांडण कुत्र्याशी. तो पळू शकतो. तुम्ही," माझ्याकडे नीट बघून, "नाही."

"आणि मेंढ्या नि गाई एकाच कुरणात असल्या तर?"

आजोबांनी विचार केला. वाऱ्याने गवत दोनदा लोळलं. "मग येऊच नये."

इतक्यात त्यांचाच काळा-पांढरा कुत्रा, गळ्यात पट्टासुद्धा नाही, आमच्या बाजूने सुसाट गेला आणि अख्खा कळप वळवून घेऊन आला. मी नुसतं बोट दाखवलं.

"तो कामावर आहे," आजोबा म्हणाले. "तुमचा सुट्टीवर आहे."

खिशातून त्यांनी निळ्या सुतळीचं भेंडोळं काढलं. तिथे फाटकं, कुंपणं, गाडीचा बंपर, सगळं याच प्लास्टिकच्या सुतळीने बांधलेलं असतं. दुहेरी करून, पीळ देऊन, गाठ मारून दीड मीटरचा पट्टा दोन मिनिटांत तयार. पैसे विचारले तर कँडीच्या डोक्यावर हात फिरवून निघून गेले. माझ्याशी निरोपाचा शब्द नाही.

कायदा मात्र त्यांच्याच बाजूचा आहे. 2021 पासून स्कॉटलंडमध्ये तुमचा कुत्रा जनावरांच्या मागे लागला तर 40,000 पौंडांपर्यंत दंड किंवा बारा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. कैद कुत्र्याला नाही, तुम्हाला.

पुढे हॅरिसला पोचलो तो रविवार. हॅरिस आणि लुइसवर रविवार देवाचा म्हणून कडक पाळतात. स्टोर्नोवेहून रविवारची बोटसुद्धा 2009 साली सुरू झाली. दुकानाला कुलूप. शिध्याचा हिशेब मी दुकानं धरून केला होता, वार धरून नाही. खंड्याला माझे ओट्स मिळाले, मला त्याची ती नजर. आणि रोज संध्याकाळी गोचिडी: कानांमागे, बोटांच्या बेचक्यांत, पट्ट्याखाली. दुफाटी आकडी कातडीलगत सरकवून फिरवायची, ओढायची नाही. ओढली तर तोंड आत राहतं. वारा पडला की चिलटांचे ढग, म्हणून हे काम वाऱ्यात बसून करायचं. कुत्रा निवांत, मालक थरथरत.

स्टोर्नोवेत तीन जणांनी सुतळी बघून विचारलं, हा मेंढ्या राखतो का. मला कोणी काही विचारलं नाही.

दुकानाला आज पुन्हा लिहिलं. सोबत खोक्याचा फोटो जोडलाय. त्यावर एक कुत्रा आहे, हाच पट्टा लावून पळणारा. पायांखाली पांढरी वाळू, मागे समुद्र.