उन्हात पांढरे न झालेले केस

‘हे केस काही उन्हात पांढरे झालेले नाहीत’ हे वाक्य मी सरकारी नोकरीच्या चौतीस वर्षांत कनिष्ठ सहकाऱ्यांना किती वेळा ऐकवले असेल याची मोजदाद नाही. मात्र ते ऐकवताना माझे केस नेहमीच काळेभोर असत, कारण दर तिसऱ्या रविवारी मी ते रंगवीत असे. ही विसंगती कोणी कधी तोंडावर बोलून दाखवली नाही, याचे श्रेय कार्यालयीन शिस्तीला द्यावे लागेल.

वयाच्या ५८व्या वर्षी मी निवृत्त झाले आणि पुढच्याच महिन्यात, वीस वर्षे इमानेइतबारे वापरलेल्या रंगाने मला दगा दिला. रविवारी रंग लावला, सोमवारी कपाळ सुजले आणि मंगळवारी पापण्या उघडेनात. त्वचारोगतज्ज्ञांनी सांगितले, की काळ्या रंगातल्या पॅराफेनिलीनडायमिन, म्हणजे लाडाने पीपीडी, या द्रव्याची ॲलर्जी इतकी वर्षे सुखाने वापरल्यानंतरही उद्भवू शकते आणि ‘काळी मेहंदी’ म्हणून जे विकले जाते त्यातही पुष्कळदा हेच द्रव्य असते. पाकिटावर लिहिल्याप्रमाणे ४८ तास आधी कानामागे थोडा रंग लावून पाहत होता का, असे त्यांनी विचारले. पाकिटावरचे वाचायला चष्मा लागतो आणि चष्मा लावून केस रंगवले तर त्याच्या काड्याही रंगतात, ही माझी अडचण मी त्यांना सांगितली नाही. ‘केसाने गळा कापणे’ या वाक्प्रचाराचा वाक्यात उपयोग मी सातवीत करून दाखवला होता. प्रत्यक्षात उपयोग व्हायला पन्नास वर्षे जवळ आली होती. ज्यांचा केसांचा प्रश्न १९९८ सालीच कायमचा निकालात निघाला, त्या आमच्या ह्यांनी ‘मग सोडून दे ना रंग’ असा सल्ला दिला, तो आरशासमोर मिशीला रंग लावता लावता.

सोडून देणे म्हणजे काय असते, हे ज्याने सोडले त्यालाच कळते. केस महिन्याला साधारण एक ते सव्वा सेंटिमीटर वाढतात, म्हणजे माझ्या पाठीवर रुळणारा काळा भाग आपोआप संपायला दोन वर्षे तरी लागणार होती. चार महिन्यांनी मुळांशी चांगला चार-पाच सेंटिमीटरचा पांढरा पट्टा दिसू लागला, तेव्हा धाकट्या जावेने खात्रीची, शुद्ध, पानांची मेहंदी आणून दिली. मेहंदीचा मूळ रंग तांबूस नारिंगी असतो; काळ्या केसांवर तो नुसती झाक देतो, पांढऱ्यावर मात्र आपले पूर्ण कर्तृत्व दाखवतो. तिच्यावर नंतर निळीच्या पानांची पूड लावली की केस काळसर होतात, हे जावेला ठाऊक होते, पण ती पूड आणायला ती विसरली होती. आणखी दोन महिने गेले, तेव्हा माझ्या डोक्यावर मुळाशी मुळा, मध्ये गाजर आणि टोकाला वांगे अशी मंडई भरली होती.

मग मी शाम्पूच्या दिशेने वळले. साताऱ्याच्या पोवई नाक्याजवळच्या एका दुकानात शाम्पूचे एक कपाट नव्हे, एक भिंत होती. तेलकट केसांसाठी, कोरड्या केसांसाठी, कोंड्यासाठी, गळतीसाठी, रंगवलेल्या केसांसाठी आणि लहान बाळांसाठी, अशा सगळ्या जाती-जमातींची तिथे सोय होती. माझे केस मुळाशी तेलकट, टोकाला कोरडे, अर्धे रंगवलेले आणि उरलेले गळणारे असल्यामुळे मला नियमाने चार बाटल्या घ्याव्या लागल्या असत्या. ‘पन्नाशीनंतरच्या बायकांसाठी काही आहे का,’ असे विचारल्यावर विक्रेत्या मुलाने, ‘आहे ना, काकू,’ म्हणत गुडघ्याच्या तेलाकडे बोट दाखवले.

शाम्पू हा शब्द मुळात आपल्या चंपीचाच. पाटण्याचे दीन महंमद एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी इंग्लंडात ब्रायटनला स्नानगृह काढून बसले आणि राजे चौथे जॉर्ज यांचे ‘शाम्पूइंग सर्जन’ म्हणून मान्यता पावले. आपली चंपी अशी साहेबाच्या डोक्यावरून फिरून, बाटलीत बसून परत आली, आणि आता साडेतीनशे रुपयांना पडते. अखेर मला मिळाला तो पांढऱ्या केसांसाठी असलेला जांभळा शाम्पू. पांढऱ्या केसांत पिवळसरपणा येतो आणि जांभळा रंग त्यावर उतारा आहे, एवढे शास्त्र मला पटले. बाटलीवर तो तीन मिनिटे ठेवावा असे लिहिले होते, पण स्नानगृहात चष्मा नसल्यामुळे मी ‘३’ च्या जागी ‘३०’ वाचले. मेहंदी तासभर ठेवायची सवय असलेल्या बाईला तीस मिनिटे म्हणजे काहीच नाहीत. मुळ्यापर्यंत वांगे पोहोचले ते अशा रीतीने. ज्या वस्तू खास वाढत्या वयाच्या लोकांसाठी बनवतात, त्यांच्यावरच्या सूचना मुंगीच्या अक्षरात का छापतात, याचे उत्तर मला अजून कोणी दिलेले नाही.

‘त्यापेक्षा आपली शिकेकाई बरी’ हे मी स्वतःशी म्हणालेच, आणि आईच्या पद्धतीने शिकेकाई, रिठा, आवळकाठी व नागरमोथा रात्री भिजवून सकाळी उकळून पाहिले. डोळ्यांची आग झाली, केसांत भुसा राहिला, आणि वाकलेल्या डोक्यावर तांब्याने पाणी घालायला दुसरे माणूस लागते हे लक्षात आले. लहानपणी ते काम आजी, काकू, आत्या यांच्यापैकी कोणीतरी करीत असे. शिकेकाई हे केश-प्रसाधन नसून ती एकत्र कुटुंबपद्धती आहे, आणि ती फ्लॅटच्या एका माणसापुरत्या स्नानगृहात मावत नाही.

रंगाचे एवढे झाले, तरी घनतेचा प्रश्न शिल्लकच होता. रजोनिवृत्तीनंतर इस्ट्रोजेन कमी होते, केसांच्या वाढीचा काळ आखडतो आणि उगवणारा केस पूर्वीपेक्षा बारीक असतो. डॉक्टरांनी थायरॉईड आणि रक्तातले लोह तपासून घेतले, ते दोन्ही ठीक निघाले, म्हणजे दोष देण्यासाठी फक्त वय उरले. माझा भांग रुंदावत रुंदावत राज्यमार्गाच्या दर्जाला पोहोचला होता. पूर्वी मुठीत न मावणारा अंबाडा आता एका कंदी पेढ्याएवढा होत होता, आणि तोही आमच्या साताऱ्यातल्या जुन्या मापाचा नव्हे. म्हणून पुण्याला गेले असता तुळशीबागेत शिरून मी गंगावन, म्हणजे अंबाड्यात घालायचे खोटे केस, मागितले. दुकानदाराने काळ्याच्या चार आणि तपकिरीच्या दोन छटा समोर लटकवल्या. ‘पांढरे नाही का?’ असे विचारताच त्याने माझ्याकडे आदराने पाहिले आणि म्हणाला, ‘नाटकासाठी पाहिजे का मावशी? कोणती भूमिका आहे?’

पांढरे केस घेऊन हिंडण्यात काही व्यवहारी फायदा असावा, अशी एक क्षीण आशा मला होती. रेल्वेत ५८ वर्षांवरील बायकांना तिकिटात निम्मी सूट असे; ती मार्च २०२० मध्ये बंद झाली, तेव्हा मी काळी होते. एसटीने मार्च २०२३ पासून सरसकट सगळ्याच बायकांना अर्धे तिकीट केले, त्यामुळे तिथे पांढऱ्या केसाला कोणी विचारीत नाही. राहता राहिली बसायची जागा, तर ती देणारी मुले मोबाइलमधून मान वर काढत नाहीत.

शेवटी सूनबाईने तिच्या पार्लरमध्ये माझी वेळ ठरवली. तिथली बाविशीतली मुलगी पहिल्यांदा मला ‘मॅम’ म्हणाली, डोक्यावरचा रुमाल काढल्यावर ‘काकू’ म्हणाली आणि केस मोकळे केल्यावर नुसतीच ‘अगं बाई’ म्हणाली. तिने आधी केराटिन सुचवले, मग स्मूदनिंग, मग ‘दहा वर्षांनी तरुण दिसाल’ असा एक लेयर्सचा प्रकार. मला तरुण दिसायचे नाही, एकोणसाठ वर्षांची पण नीटनेटकी दिसायचे आहे, असे मी तिला स्वच्छ मराठीत सांगितले. तिने थोडा विचार करून विचारले, ‘म्हणजे, आहात तेवढ्याच?’ तिच्या संगणकावरच्या शे-दीडशे छायाचित्रांत पंचविशीच्या पुढचे एकही डोके नव्हते. मी उदाहरणादाखल इंदिरा गांधींचे नाव घेतले, त्या आखूड केसांतली ती पांढरी बट वर्णन करून सांगितली. त्यावर ती म्हणाली, की तशी एकच बट पांढरी करून मिळेल, पण त्यासाठी आधी बाकीचे सगळे केस काळे करावे लागतील.

तडजोड म्हणून वांगे व गाजर पूर्ण छाटून टाकायचे, मानेपर्यंत आखूड ठेवायचे आणि रुंद भांग झाकण्यासाठी पुढचे केस कपाळावर घ्यायचे, असे ठरले. तिने त्या प्रकाराला ‘बँग्ज’ म्हटले. कात्री फिरल्यावर आरशात पाहिले, तर तो साधा साधना कट निघाला. रुंद कपाळ झाकण्यासाठी सिनेमातल्या साधनाने तो केला, १९६०च्या दशकात माझ्या थोरल्या मावशीने तो मिरवला, आणि त्यासाठी आजोबांनी तिच्याशी महिनाभर अबोला धरला होता. मला तो साठीच्या उंबरठ्यावर, दोन हजार दोनशे रुपयांना मिळाला. घरी आल्यावर हे म्हणाले, ‘छान दिसतेय. काय बदललंय?’

नोव्हेंबरात निवृत्तिवेतनासाठी हयातीचा दाखला द्यायचा असतो. हल्ली मोबाइलच्या कॅमेऱ्यासमोर चेहरा धरून, पापण्यांची उघडझाप करून आपण जिवंत आहोत हे सिद्ध करता येते. त्यासाठी गेले, तेव्हा समोरच्या मुलीने आधार कार्डावरचे माझे काळेभोर छायाचित्र पाहिले, मला पाहिले आणि काही न बोलता मोबाइल माझ्यापुढे धरला. तीन वेळा प्रयत्न झाला आणि तिन्ही वेळा यंत्राने मला नाकारले. ‘काकू, केस डोळ्यांवर येतायत,’ ती म्हणाली, ‘पापण्याच दिसत नाहीत त्याला.’ पर्समध्ये पिन शोधली, ती सापडली नाही. तेव्हा तिने शेजारच्या फायलींच्या गठ्ठ्याचे रबर काढून माझ्या हातात दिले, मी त्याने पुढचे केस माथ्यावर शेंडीसारखे बांधले, आणि त्या अवतारात मी आणखी एक वर्ष जिवंत असल्याचे सरकारने मान्य केले. रबर तिने परत मागितले नाही. सध्या मी घरात तेच वापरते.