सुट्टीचा अर्ज मामी लिहायची

काल स्टँडच्या भिंतीवर पुन्हा ती जाहिरात दिसली. 'पिणाऱ्याच्या नकळत दारू सोडवा.' खाली मोबाईल नंबर.

माझ्या मामीनं अशीच एक पुडी आणून मामाच्या डब्यातल्या आमटीत कालवली होती. संध्याकाळी तो नेहमीसारखा पिऊन आला. तोंड लालबुंद, ओकाऱ्या, छातीत धडधड. रात्री दवाखाना गाठला, तिथे बोलणीही मामीनंच खाल्ली. पुडीत काय होतं देव जाणे. पण दारू सोडवायला देतात ती डायसल्फिराम नावाची गोळी पोटात असताना वर दारू गेली की अगदी असंच होतं, रक्तदाब उतरून जिवावरही बेतू शकतं. म्हणून ती पेशंटला सांगून, डॉक्टरांच्या देखरेखीखालीच द्यायची असते. तशीच गत खोलीत कोंडून दारू 'तोडणाऱ्यांची'. रोज भरपूर पिणाऱ्याची एकदम बंद केली की फिट येऊ शकते, भास होऊ शकतात. आमच्याकडे त्याला बाहेरचं म्हणून अंगारा लावतात.

मामीला मी दोष देणार नाही. पंधरा वर्षं तिनं मामाच्या सुट्टीचे अर्ज लिहिले. कधी कावीळ, कधी सासऱ्यांचं आजारपण. (सासरे ठणठणीत होते.) उधाऱ्या फेडल्या, पाटल्या मोडल्या. तोंडावर सगळे म्हणायचे, किती सोशिक! पाठीमागे, हिलाच नवरा सांभाळता येत नाही. मला स्पष्ट वाटतं, मामाची दारू आम्ही सगळ्यांनी मिळून टिकवली. त्याला कधी काही भोगावंच लागलं नाही.

पुण्याच्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रात (डॉ. अनिता अवचट यांनी १९८६ मध्ये सुरू केलेलं) पेशंटच्या बायकांसाठी 'सहचरी' नावाचा गट आहे. मामा यायला तयार नव्हता, तेव्हा मामी एकटीच चौकशीला गेली. त्याच्या पिण्याला तू कारण नाहीस, हे तिला पहिल्यांदा तिथल्या बायकांनी सांगितलं. परत आल्यावर तिनं अर्ज लिहिणं बंद केलं. आदळआपट झाली, मामाला मेमो आला, आजी मामीशी बोलेनाशी झाली. तीन महिन्यांनी मामा स्वतः बॅग भरून निघाला. नंतर दोनदा स्लिप झाली, म्हणजे तो पुन्हा प्यायला, तीही मामीनं लपवली नाही.

परवा हळदीला एका काकांनी मामाच्या सतरा वर्षांच्या पोरापुढे ग्लास धरला. "घे रे, आता मोठा झालास." आम्ही नेहमीसारखे हसलो. मामी उठली, पोराच्या हातातला ग्लास घेतला आणि सगळ्यांदेखत मोरीत ओतला. काका अजून रुसलेत.