गणपती कोण लागतो तुमचा?

सकाळी नऊ वाजून चार मिनिटांनी कौन्सिलचा, म्हणजे इथल्या इंग्लंडमधल्या पालिकेचा, मेल आला. चहा तसाच राहिला, अजून तसाच आहे.

भाड्याच्या नव्या घराच्या डिपॉझिटला मदत हवी असा अर्ज केलाय म्हणून तीन महिन्यांची बँक स्टेटमेंटं मागितली होती. दिली. त्यातली एक ओळ त्या ऑफिसरबाईंना सापडली. ‘गणपती’ या व्यक्तीला 21 पौंड दिल्याचं दिसतं. ही व्यक्ती कोण, तिचं तुमच्याशी नातं काय, ती तुमच्या घरात राहते का आणि घरखर्चाला हातभार लावते का, हे पाच दिवसांत कळवा, तोवर अर्ज थांबवलाय.

राहतो ना बाई. किचनमधल्या वरच्या कपाटात, डाळीच्या डब्याशेजारी राहतो. हातभाराचं म्हणाल तर मीसुद्धा वाट बघतेय.

वर्गणी आहे हो ती! दरवर्षी 51 देते. यंदा डोक्यावरचं छप्पर जायची वेळ आली म्हणून 21 दिले, तेही मान खाली घालून. आणि नेमके तेच खुपले. आईच्या औषधांना महिन्याला 40 पाठवते, त्यावर प्रश्न नाही. पोराच्या शाळेच्या ट्रिपवर नाही. गणपतीवर! मेलच्या शेवटी ‘काइंड रिगार्ड्स’. या दोन शब्दांचा मला इतका तिटकारा आहे की कुणी खरंच मायेने लिहिले तरी मी दात खाते.

आणि ही सगळी चौकशी कशासाठी? रोख पैशांसाठी असती तर गप्प बसले असते. भाडं महिन्याला 1,250, डिपॉझिट पाच आठवड्यांचं, म्हणजे 1,442. त्याहून जास्त घ्यायला 2019 च्या कायद्याने बंदी आहे, उपकारच म्हणायचे. वर पहिल्या महिन्याचं भाडं. कौन्सिल यातला एक पौंडही हातात ठेवत नाही. ती देते बॉण्ड. म्हणजे कागद. ‘हिने काही मोडलंतोडलं, भाडं बुडवलं, तर आम्ही बघू.’ हा कागद चालेल का म्हणून एजंटला विचारलं, तर पोरगा म्हणाला, लँडलॉर्डला कॅश लागते. पंचविशीचा असेल, पायात मोजे नाहीत, आणि मला समजावतो ‘मार्केट खूप हॉट आहे’.

त्यातून नियम असा की आधी घर शोधा, मग आम्ही ते तपासू, गॅसचं सर्टिफिकेट बघू, भाडं परवडतंय का ते बघू, मग बॉण्ड. दहा कामाचे दिवस. तोवर कुठेही सही करायची नाही, नाहीतर मदत रद्द. इकडे घराची जाहिरात सकाळी लागते आणि दुपारच्या जेवणापर्यंत घर जातं. धरून ठेवायचं तर आठवड्याचं भाडं आगाऊ, 288. तेही मी भरले, मैत्रिणीकडून घेऊन. ते कौन्सिलला फोनवर सांगितलं, 47 मिनिटं तीच एक पिपाणी ऐकल्यावर. तर उत्तर काय? ‘म्हणजे तुमच्याकडे थोडी सोय होऊ शकते.’

होल्डवरची पिपाणी ज्याने निवडली ना, त्याला जन्मभर तीच ऐकवा.

सध्याच्या घरमालकाला घर विकायचंय, नोटीस लागलीय. कौन्सिल म्हणते, नोटीस संपली तरी जागा सोडू नका, बेलिफ येईपर्यंत तिथेच थांबा. स्वतःहून निघालात तर ‘जाणूनबुजून बेघर’ झालात असं धरतील. म्हणजे बारा वर्षांच्या पोरासमोर कुणीतरी दार ठोठावून सामान काढायला आलं, की मी नियमात बसले. 56 दिवस आधीपासून मदत करायची असं त्यांच्याच 2017 च्या कायद्यात आहे. त्या मदतीत मला एक ‘प्लॅन’ मिळालाय. पहिला मुद्दा: घर शोधा.

भाड्याची सरकारी मदत एप्रिल 2024 पासून तिथेच गोठलीय. भाडं गोठत नाही.

डिपॉझिटवरून आठवलं. मागच्या घराच्या डिपॉझिटमधून 120 पौंड कापायला निघाले होते, ओट्यावर हळदीचा डाग म्हणून. भिंतीवर बुरशीचा नकाशा होता, त्याबद्दल मात्र ‘खिडक्या उघड्या ठेवा’. जानेवारीत! मी भांडले, डिपॉझिटचे तंटे सोडवणाऱ्या स्कीमकडे फोटो पाठवले, 95 परत मिळवले. उरलेले 25 अजून माझ्या छातीवर बसलेत.

आणि मंडळातले ते एक काका. ‘वहिनी, वेळेत घर घ्यायला हवं होतं.’ हो काका. नवरा निघून गेला त्याच आठवड्यात घ्यायला हवं होतं, चुकलंच माझं.

तरी मी नशीबवान. माझ्याकडे पीआर, म्हणजे इथे कायम राहायचा परवाना आहे. केअर होममधल्या आमच्या व्हिसावरच्या पोरींना ‘नो रिकोर्स टू पब्लिक फंड्स’, म्हणजे सरकारी मदत नाही, या अटीमुळे या रांगेत उभंही राहता येत नाही. त्यांचा गणपती कोण, हेही कुणी विचारणार नाही.

दुपारी मी कडक उत्तर लिहिलं. दीड पान. ‘ही व्यक्ती विघ्नहर्ता असून तुमच्या पोर्टलपुढे तिचंही काही चालत नाही’ वगैरे. पाठवणार, तेवढ्यात हात थांबला.

कारण सांगायला लाज वाटते. लग्नाआधी तीन वर्षं मी नगरपालिकेच्या खिडकीत बसत होते. घरकुलाच्या अर्जांच्या. ‘नाव आधारवर वेगळं आहे’, ‘साहेब जेवायला गेलेत’, ‘गुरुवारी या’, हे सगळं मी याच तोंडाने बोललेय. एका म्हाताऱ्याला उत्पन्नाच्या दाखल्यासाठी चार हेलपाटे घालायला लावले होते. चौथ्यांदा येताना त्याने माझ्यासाठी पेरू आणले होते. मी खाल्लेही.

तर दीड पान खोडलं. ‘थँक यू फॉर युवर ईमेल’ असं लिहिलं. खाली काय लिहिलं ते विचारू नका. हो, काइंड रिगार्ड्स.

पण पोर्टल तसा मेल घेत नाही. फॉर्मच भरावा लागतो. त्यात ‘सदर व्यक्तीशी नातं’ असा रकाना आहे आणि पर्याय चारच: जोडीदार, नातेवाईक, मित्र, भाडेकरू.

भाडेकरू टाकू का?