दिवसाची झोप

नाइट ड्युटीचं कौतुक सगळ्यांना असतं. ‘रात्रभर जागता तुम्ही! कमाल आहे!’ अहो, रात्रभर जागणं सोपं आहे. तिथे जागं ठेवायला अठरा पेशंट असतात, त्यांचे नातेवाईक असतात आणि बारा नंबरचे आजोबा असतात. खरी परीक्षा सकाळी घरी आल्यावर सुरू होते. तेव्हा झोपायचं असतं.

बारा नंबरच्या आजोबांना रात्री झोप येत नाही. नऊला त्यांना पंखा जोरात हवा असतो, अकराला बंद. दोनला ते मला बोलावून विचारतात, “सिस्टर, तुम्ही कुठल्या गावच्या?” कालही सांगितलेलं असतं. साडेचारला कधीतरी त्यांचा डोळा लागतो. आणि पाचला मी ट्रे घेऊन पडदा सरकवते. “आजोबा, उठा, ब्लड घ्यायचंय.” डॉक्टरांच्या राउंडला रिपोर्ट हातात हवेत, त्याला मी काय करणार? पण आजोबा माझ्याकडे ज्या नजरेने बघतात ना, तो शाप असतो. तो फळतो सकाळी साडेदहाला, डोंबिवलीत.

ड्युटी आठला सुटते म्हणायचं. पुढच्या सिस्टरला ओव्हर देऊन, म्हणजे पेशंटची सगळी माहिती सांगून, नार्कोटिक्सचा (कुलपातल्या गुंगीच्या औषधांचा) हिशेब जुळवून, राहिलेलं चार्टिंग उरकून नऊ वाजतात. (रात्री दहाला नव्या मुलीने “आज वॉर्ड किती शांत आहे नाही!” म्हटलं असेल तर साडेनऊ. हे वाक्य वॉर्डात उच्चारायचं नसतं. त्या रात्री तीन अ‍ॅडमिशन आल्या.) घरी येऊन अंघोळ, दोन घास, जाड पडदे ओढले की मी आडवी होते.

मग भंगारवाला येतो. त्याच्याकडे आता रेकॉर्ड केलेला भोंगा आहे, त्यामुळे त्याचा घसा बसण्याचीही आशा नाही. तो गेला की वरच्या मजल्यावर ड्रिल सुरू होतं. तीन वर्षं ते लोक भिंतीत काय लावतायत, कळत नाही. मग बँकेची मुलगी फोनवर लोन देते. एकदा मी तिला झोपेत म्हणाले, “युरीन आउटपुट किती झालं?” तिने फोन ठेवला. हा उपाय कोणालाही वापरायला हरकत नाही.

आणि शेजारच्या काकू. त्या बेल वाजवत नाहीत, माझी झोप मोडेल म्हणून. दारावर टकटक करतात. “झोपली होतीस का गं? राहू दे, राहू दे. आता उठलीच आहेस तर जरा बीपी बघ.” सकाळी अकराला झोपलेली सून म्हणजे एक तर आजारी किंवा आळशी, हे काकूंचं ठाम मत. आजारी मी दिसत नाही.

पण सगळ्यात मोठा दगा माझेच कान देतात. गेल्या महिन्यात वॉशिंग मशीनने काम संपल्याची टींटींटीं केली आणि मी उठले. म्हणजे शरीर उठलं. जाऊन मशीनचं बटण दाबून आवाज बंद केला आणि खाली बसून त्याच्या पाइपवर टिचक्या मारायला लागले. वॉर्डात इन्फ्युजन पंप, म्हणजे सलाइन मोजून सोडणारं मशीन, असंच वाजलं की बहुतेक वेळा नळीत हवेचा बुडबुडा असतो, तो टिचक्या मारून वर सरकवायचा असतो. सासूबाई दारात ओले कपडे न्यायला उभ्या. “काय शोधतेस गं?” मी म्हणाले, “बबल.” त्या दिवसापासून त्या मशीन संध्याकाळी लावतात.

नवऱ्याने कुठेतरी वाचलं की 2017 चं वैद्यकशास्त्राचं नोबेल शरीरातल्या घड्याळाचं कोडं उलगडणाऱ्या तिघा अमेरिकनांना मिळालं, आणि त्यांचं हे काम फळमाश्यांवर होतं. “बघ, माशीलासुद्धा कधी झोपायचं ते कळतं.” माशीला शेजारी काकू नसतात, असं मी सांगितलं.

खरी झोप मला एकाच ठिकाणी लागते. लोकलमध्ये. सकाळी सगळी मुंबई डोंबिवलीकडून दादरकडे लोंबकळत येत असते, तेव्हा मी उलट्या दिशेने जाते. लेडीज डब्यात खिडकी मिळते, वारा लागतो, भंगारवाला चढत नाही. घाटकोपरच्या आत मी गेलेली असते. दोन-तीन महिन्यांपूर्वी अशीच कसारा लोकलमध्ये गेले आणि जाग आली तेव्हा डोंबिवली, कल्याण दोन्ही मागे पडून टिटवाळा आलं होतं. मंगळवार होता. आलेच आहे तर म्हणून गणपतीचं दर्शन घेतलं, प्रसाद घेतला, परतीच्या गाडीत पुन्हा झोपले.

घरी सासूबाईंनी प्रसादाचा पुडा बघितला आणि त्यांचे डोळे भरून आले. “रात्रभर उभी राहून थेट देवाला गेलीस?” मी काही बोलले नाही. तोंडात पेढा होता. संध्याकाळपर्यंत ही बातमी काकूंकडे पोचली आणि तेव्हापासून मंगळवारी दारावर टकटक होत नाही. उपास असेल बिचारीला, झोपू द्या. आता मी मंगळवारची नाइट मागून घेते, म्हणजे बुधवारी... नाही, सोमवारची. बघा, वारांचं हे असं होतं.

सगळं सुरळीत चाललं होतं. पण या मंगळवारी मला टिटवाळ्यालाही जाग आली नाही. डोळे उघडले ते आसनगावला. घरी फोन करून उशीर होईल म्हणून सांगितलं. सासूबाई म्हणाल्या, “सावकाश ये. आज कुठल्या देवाला?”

आसनगावला कुठलं देऊळ आहे, कोणाला माहीत असेल तर लवकर सांगा. परतीची गाडी सुटायला आली आहे.