तोंड उघडं, बोलती बंद

कोल्हापुरात ताप आला तर लोक विचारतात, ‘औषध घेतलंस का?’ दाढ दुखली तर विचारत कुणीच नाही, सरळ सांगायलाच लागतात. गालाला हात लावून मार्केट यार्डात शिरलो आणि आमच्या अडत दुकानापर्यंत पोचेतो लवंगेचं तेल, तुरटीच्या गुळण्या, हळद-मीठ आणि ‘मिशेरी दाबून धर, ठणका बसतोय’ एवढा माल पदरात पडला. मी गुळाच्या दुकानात दिवाणजी. सौद्याला उभं राहायचं, शेतकऱ्याची समजूत काढायची, व्यापाऱ्याशी हुज्जत घालायची. बोलण्याचीच भाकरी खातो म्हणा ना. त्यामुळं ‘रूट कॅनल करावं लागेल’ हे ऐकल्यावर मला दुखण्याची धास्ती नंतर वाटली. आधी वाटलं, एवढा वेळ गप्प कसं बसायचं?

घरी बातमी कळताच मेव्हणा आला. तालमीत वाढलेला गडी, आणि जगातल्या प्रत्येक वस्तूची किंमत तो बोकडात काढतो.

‘दाजी, उपटून टाका की! एवढ्या पैशात बोकड येतंय.’

शेजारच्या आण्णांनी वेगळंच भूत उभं केलं. दाढेची नस डोळ्याला जोडलेली असते, दाढेला हात लावला की नजर गेलीच म्हणून समजा. माझी दाढ खालची, डोळे आपले वर आपल्या जागी. पण आण्णांच्या नसा कुठूनही निघतात आणि कुठंही जातात. डॉक्टरांनी पुढं स्पष्ट सांगितलं की दाढेचा आणि नजरेचा काडीचा संबंध नाही. आण्णांना ते अजून मान्य नाही.

डॉक्टर म्हणजे माझ्या लेकीच्या वयाची पोरगी. एक्स-रे समोर धरून तिनं नीट उलगडून सांगितलं. दाढेच्या पोटात मऊ गर असतो, त्यात नसा आणि रक्तवाहिन्या. कीड तिथवर पोचली की तो गर सुजतो. पण भोवतीनं भिंती टणक, सुजायला जागाच नाही, म्हणून ठणका. आडवं झालं की डोक्याकडं रक्ताचा दाब वाढतो, म्हणून रात्रीचा ठणका जास्त. रूट कॅनल म्हणजे तो गर मुळांच्या टोकापर्यंत काढायचा, आतली पोकळी धुऊन रुंद करायची आणि भरून बंद करायची. मला लगेच समजलं. मटणाची नळी ताटावर आपटून आतला ऐवज आपण जसा काढतो, तसंच हे. फरक एवढाच की इथं नळी आपली आणि ऐवज दुसऱ्यानं काढायचा.

‘बीपीच्या, शुगरच्या, रक्त पातळ होण्याच्या गोळ्या चालू असतील तर आधी सांगा काका. आणि येताना पोटभर जेवून या. नंतर भूल उतरेपर्यंत खाता येणार नाही.’

वैद्यकशास्त्रानं दिलेला हा एकमेव सल्ला असेल जो आमच्या घरात जरूरीपेक्षा जास्त पाळला गेला.

भुलेच्या इंजेक्शनाबद्दल थोडं सांगायला हवं, कारण सगळी भीती तिथंच असते. आधी हिरडीला मलम लावतात. खालच्या दाढेसाठी सुई पार मागं, जबड्याच्या आतल्या बाजूला जाते. टोचल्याचं फारसं कळत नाही. औषध आत शिरताना दाटल्यासारखं वाटतं, म्हणून चांगला डॉक्टर सावकाश देतो. भूल टिकावी म्हणून त्यात थोडं अ‍ॅड्रेनालिन असतं, त्यानं जरा वेळ छाती धडधडते. मला वाटलं, आटोपलंच आता. तेवढ्यात खालचा अर्धा ओठ, अर्धी जीभ आणि हनुवटीचा एक भाग माझ्या मालकीचा राहिला नाही. मग दाढेभोवती रबराचा पातळ पडदा ताणून बसवला, औषध नि सुया घशात जाऊ नयेत म्हणून. थुंकी ओढणारी नळी ओठाच्या कोपऱ्यात अडकवली.

‘दुखलं तर डावा हात वर करायचा काका. बोलायचं नाही.’

आणि हे सांगून झाल्यावर, मशिन चालू करता करता, तिनं मला विचारलं, ‘यंदा गुळाला दर काय आहे हो?’

उभ्या आयुष्यात हा प्रश्न मला कुणी इतक्या आपुलकीनं विचारला नव्हता. मी या विषयावर दोन तास सलग बोलू शकतो.

‘आऽऽ,’ मी म्हणालो.

‘अस्सं? बरा आहे की मग,’ ती म्हणाली.

तोंड दाबून बुक्क्यांचा मार ऐकून होतो, इथं तोंड उघडं ठेवून चालला होता. पुढं तर कहर झाला. शेजारी उभी असलेली मदतनीस मुलगी म्हणाली, ‘आमच्यात पिवळाधमक गूळच आणतात. तोच चांगला असतोय.’ आता याला काय म्हणावं? गूळ एवढा पिवळा दिसतो तो बहुतेक वेळा रस साफ करताना टाकलेल्या हायड्रॉस नावाच्या रसायनामुळं. अस्सल बिनरसायनाचा गूळ काळपट तांबूस असतो. हे मी शाळेच्या पोरांना सांगितलंय, गिऱ्हाइकांना सांगितलंय, लग्नाच्या पंगतीत अनोळखी माणसाला सांगितलंय. आणि इथं माझ्याच डोक्यावर उभं राहून ही मुलगी पिवळ्या गुळाची तारीफ करत होती. मला राहवलं नाही. मी डावा हात वर केला.

मशिन थांबलं.

‘दुखतंय का काका?’

मी मान हलवली. नाही म्हणून हलवली, पण रबराच्या पडद्यामागून तिला ती होकाराची दिसली.

‘थांबा, अजून थोडी भूल देते.’

गुळाची बाजू घेतल्याबद्दल जादा इंजेक्शन घेणारा यार्डातला मी पहिलाच असेन.

त्यानंतर मी डोळे मिटून घेतले आणि फक्त ऐकत राहिलो. ‘दहा दे. पंधरा. वीस. पंचवीस.’ सौद्याची सवय. आकडा चढायला लागला की माझे कान आपोआप टवकारतात. वाटलं, बिल चढतंय. नंतर कळलं की ते बारीक फायलींचे, म्हणजे सुईसारख्या कानशींचे, नंबर. पंधरा नंबर म्हणजे टोकाशी ०.१५ मिलिमीटर, वीस म्हणजे ०.२०. मुठीला रंग ठरलेले: पंधरा पांढरी, वीस पिवळी, पंचवीस लाल. बारीक फाईलपासून चढत चढत मुळातली वाट रुंद करत जायचं. ओठाला एक हूक अडकवलेला असतो, त्याची तार एका डबीला. फाईल मुळाच्या टोकाजवळ पोचली की डबी टीं टीं करते. खालच्या पहिल्या दाढेत बहुधा तीन नाहीतर चार वाटा निघतात, त्यामुळं हे टीं टीं बराच वेळ चालतं. अधूनमधून सोडियम हायपोक्लोराइटनं धुतात, त्याचा वास पोहण्याच्या तलावावरचा. दुखलं म्हणाल, तर नाही. जबडा मात्र अवघडला.

आत औषध ठेवून, वर कच्चं सिमेंट भरून मला सोडलं. गाल भोपळ्याएवढा झालाय अशी माझी खात्री. आरशात बघतो तर होता तेवढाच. चहा घेतला, तो शर्टावर सांडला. नशीब कोमट होता, कारण बधिर ओठ भाजला तरी कळत नाही, आणि गाल चावला गेला तर भूल उतरल्यावरच समजतं. एवढ्यात एका व्यापाऱ्याचा फोन. माझं ‘परवडत नाही’ त्याला ‘परवडतंय’ असं ऐकू गेलं. मालकांनी त्या दिवशी जे सुनावलं तेही मी मुकाट ऐकलं.

भूल दोन-चार तासांत उतरते. मग पुढं काही दिवस चावताना दाढ दुखते, आणि इथं लोकांना शंका येते: नस काढली तर दुखतंय कसं? दाढेच्या आतली नस गेली, पण मूळ हाडात धरून ठेवणारे धागे जिवंतच असतात. दाब त्यांना कळतो. वेदनाशामक गोळीनं भागतं आणि दिवसागणिक कमी होतं. उलट वाढत गेलं, सूज आली, ताप आला, तर मात्र घरी शहाणपणा न करता डॉक्टर गाठायचा. मला अँटिबायोटिक दिलं नाही म्हणून आण्णा डॉक्टरांवर नाराज होते. सूज-ताप नसताना ते लागत नाही, हे त्यांना सांगण्यापेक्षा आणखी एक दाढ उघडून घेणं सोपं.

रविवारचं काय सांगू? ‘त्या बाजूनं चावू नका’ एवढंच डॉक्टरांनी सांगितलं होतं. बायकोनं त्याचा अर्थ ‘खाऊ नका’ असा लावला. घरात तांबड्याचा वास, सगळ्यांच्या ताटात सुकं, आणि माझ्यापुढं मऊ भात नि वाटीत पांढरा रस्सा. मेव्हण्यानं समोर बसून नळी फोडली. मुद्दाम माझ्याकडं बघत.

पुढच्या बैठकीत गट्टापर्चाच्या गुलाबी काड्या आत भरल्या. हा मलायातल्या झाडांचा चीक. १८५१ साली इंग्लिश खाडीतून टाकलेल्या तारेच्या केबलवर याचंच आवरण होतं. शेवटी कॅप. ती टाळू नये. पोखरलेली दाढ कवचाशिवाय कडक काही चावताना फुटू शकते. मेव्हण्याच्या मते कॅपच्या पैशात दुसरं बोकड आलं असतं.

मग एका रात्री बाराच्या पुढं त्याचाच फोन आला. ‘दाजी, ते डॉक्टर किती वाजता उघडतात?’

सोबतीला मीच गेलो. तो एकटा आत जायला तयार नव्हता, त्यामुळं मला खुर्चीशेजारी स्टूल मिळालं. भूल झाली, पडदा बसला, नळी लागली. मी सुरुवात केली ती बोकडांच्या चालू भावापासून. मग तालमीतल्या पोरांचं डाएट, मग त्यानं गेल्या दिवाळीला माझ्याकडून नेलेले पैसे, मग पिवळा गूळ. मदतनीस मुलगी सगळं नीट ऐकून घेत होती. मध्येच मेव्हण्याचा डावा हात वर गेला.

‘दुखतंय का त्यांना?’ डॉक्टरांनी मला विचारलं.

‘छे हो,’ मी म्हणालो, ‘त्याला बोलायचंय. तुम्ही चालू द्या.’