तात्या नेहमी "मजेत" म्हणायचे

तात्या रात्री बाथरूमला उठले आणि पडले, हे कळलंच असेल सगळ्यांना, त्यामुळे काल कट्ट्यावर दुसरा विषयच नव्हता. साहेबांचं आल्या आल्या सुरू, की माणसानं वेळापत्रक आखलं की टेन्शन फिरकत नाही, हे बघा माझं, साडेपाचला प्राणायाम, सहाला चालणं, सातला वाचन, आणि हे घड्याळ स्ट्रेसचा आकडासुद्धा दाखवतं. बापू म्हणाला, आत्ता किती दाखवतंय? साहेबांनी बघितलं आणि बाही खाली ओढली.

मग दत्तूनं तो होम्स आणि राहे यांचा १९६७ सालचा तक्ता काढला. आयुष्यातल्या ४३ घटनांना, कशाचं टेन्शन किती, असे मार्क दिलेत त्यात. जोडीदाराचा मृत्यू १००, नोकरीवरून काढणं ४७, आणि रिटायरमेंट ४५. "म्हणजे भाषणं करून निरोप दिला काय आणि हाकलून दिलं काय, फरक दोन मार्कांचा," बापू म्हणाला.

माईंनी विचारलं, "आणि नवरा रिटायर होऊन दिवसभर घरात बसला तर बायकोला किती?"

दत्तूनं शोधलं. जोडीदारानं नोकरी धरली किंवा सोडली, २६.

"सव्वीस? पेपर कोणी तपासला हा?"

हसून झाल्यावर माईच गंभीर झाल्या. म्हणाल्या, "अहो, तात्यांना कामाचं टेन्शन कधीच नव्हतं. सकाळपासून फोन वाजायचा त्यांचा, ह्याची सही, त्याचं अडलंय. आता दिवस दिवस चार्जिंग संपत नाही. हे कोणाजवळ बोलले का? विचारलं की मजेत. आणि रात्री टक्क जागे." मला विचाराल तर माईंनी दुखण्याच्या मुळावरच बोट ठेवलं. वय झालं की गाढ झोप कमी होते, मधेच जाग येते, हे तसं सगळ्यांचंच, पण त्या जागेपणी डोक्यात जे चालू होतं ते कुणाला सांगायचं नाही आणि झोपेची गोळी मात्र मनानंच सुरू करायची. डॉक्टरला न विचारता. ह्यातल्या बऱ्याच गोळ्यांनी म्हातारपणी तोल जातो हो, रात्री बाथरूमला उठला माणूस की गेलाच पाय. तात्यांचं तेच झालं, आणि घरचे म्हणतायत फरशी ओली होती.

दत्तू म्हणाला, हार्वर्डवाले १९३८ पासून माणसांच्या मागे लागून अभ्यास करतायत, त्यात पन्नाशीत ज्यांची नाती घट्ट होती तेच ऐंशीत जास्त ठणठणीत निघाले.

साहेब म्हणाले, "नात्यांचं म्हणाल तर माझ्या फोनमध्ये आठशे कॉन्टॅक्ट आहेत."

"त्यातल्या किती जणांची रजा मंजूर केली होतीत?" बापूनं इतक्या वर्षांचं बाहेर काढलंच. पोरीचं गॅदरिंग होतं, पहिल्यांदाच स्टेजवर उभी राहणार होती, अर्धा दिवस मागितला तर अर्जावर लाल शाईनं "कामाच्या निकडीमुळे नामंजूर". साहेब म्हणाले, "आठवतोय मला तो अर्ज." बापू म्हणाला, "अर्जच आठवणार तुम्हाला."

थोडा वेळ कोणी काही बोललं नाही. मग साहेबच हळू आवाजात म्हणाले, "रिटायर झाल्यावर बरेच दिवस मी सकाळी बॅग भरून ठेवायचो रे. हिला कळू नये म्हणून परत रिकामी करायचो." साहेबांच्या तोंडून असलं काही कधी ऐकलं नव्हतं, आणि खरं सांगतो, त्या वेळापत्रकापेक्षा हे एक वाक्य लाख मोलाचं. बापूनं त्यांच्या पाठीवर हात ठेवला. तोच बापू, बरं का.

मग ठरलं, रोज संध्याकाळी एकानं तात्यांकडे जाऊन बसायचं. उपदेश नाही, नुसतं बसायचं, बोलले तर ऐकायचं, आणि त्यांना जमेल तसं चालवून आणायचं. साहेबांनी लगेच कागद काढून रकाने आखले, वार, नाव, वेळ, शेरा. शेरा कशाला, ते कोणी विचारलं नाही. बापू म्हणाला, रविवारी मला नको, पोरगी येतेय.

साहेबांनी मान वर न करता सांगितलं, "रीतसर अर्ज द्या."

सगळ्यात मोठ्यानं बापूच हसला. त्या गडबडीत माईंनी शनिवारवर आपलं नाव घालून घेतलं, म्हणाल्या, त्या दिवशी मी तात्यांजवळ बसते, वहिनींना जरा घराबाहेर पडू दे.